मागच्या बाजूला पेन्सिलीनं

सऱ्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं १५० लिहिलेलं होतं. पुढच्या बाजूला घुबड. गोल डोळ्यांचं, पोटावर तांबड्या ठिपक्यांच्या ओळी असलेलं आणि एकंदरीत माझ्यावर नाराज. मी तो सरा पालथा करून सही शोधत होतो, तेवढ्यात टेबलापलीकडून मराठीत आवाज आला, “सही नसते काका. या टेबलावर तरी नाही.”

शांतिनिकेतनात मराठी ऐकू येईल ही अपेक्षा नव्हती. मी मराठी आहे हे कसं कळलं, विचारलं. “मघाशी फोनवर ‘पोचलो एकदाचा’ म्हणाले ना तुम्ही.” पोरगा अकोला जिल्ह्यातला. घरी कापूस-सोयाबीनची शेती. चित्रकला शिकायला कलाभवनात आलेला. नखांत गेरू, गळ्यात बंगाली पद्धतीचा मफलर, आणि समोर टेबलावर मांडलेली चाळीसेक घुबडं.

सरा म्हणजे मडक्यावर झाकायचं मातीचं उथळ ताट. आपल्याकडे त्याला परळ म्हणतात. बंगालात त्यावर लक्ष्मी रंगवून कोजागरीला पुजतात, आणि लक्ष्मी आली की तिचं वाहन आलंच. आपल्याकडे घुबड कौलावर बसलं तर म्हातारी माणसं काठी घेऊन धावतात. इथे लोक दीडशे रुपये मोजून ते घरी नेतात.

कलाभवन म्हणजे विश्वभारती विद्यापीठाचा दृश्यकलेचा विभाग. त्याच्या आवारात दरवर्षी १ आणि २ डिसेंबरला हा मेळा भरतो, त्याचं नाव नंदन मेळा. ३ डिसेंबर हा चित्रकार नंदलाल बोस यांचा जन्मदिवस, त्याच्या आदले दोन दिवस हे. बोलपूर स्टेशनाबाहेर ई-रिक्षावाल्याला (तिकडे तिला टोटो म्हणतात) जागा समजावून सांगावी लागत नाही, ‘नंदन मेला’ एवढं म्हटलं की तो निघतो. शांतिनिकेतनचा जगाला ठाऊक असलेला मेळा म्हणजे पौष मेळा. त्यापुढे हा अगदी घरगुती. बांबू, गवत, तागाची पोती यांचे मांडव, त्यांवर पिवळे दिवे, आणि प्रत्येक विभागाचं आपापलं दुकान. शिल्पवाल्यांची खेळणी आणि लहान मूर्ती, ग्राफिकवाल्यांचे छाप, सिरॅमिकवाल्यांचे कप-वाडगे, डिझाइनवाल्यांची बाटिकची कापडं, आणि सगळीकडे कार्डं, कॅलेंडरं, मातीचे दागिने. दोन्ही दिवस संध्याकाळी गाणं-नाटक असतं. खाण्याचं दुकानही विद्यार्थीच चालवतात, आणि पहिल्या संध्याकाळी तिथला चहा चित्रकारांनी केलाय हे कुणी न सांगता कळत होतं.

मेळ्याची सुरुवात १९७३ सालची. त्या वेळी कलाभवनाचे प्रमुख होते दिनकर कौशिक. जन्म धारवाडचा, शिक्षण शांतिनिकेतनचं, स्वतः नंदलालांचे विद्यार्थी. मेळ्याच्या जन्माची गोष्ट तिथले लोक सांगतात ती अशी : एका विद्यार्थ्याला अपघात झाला, उपचाराला पैसे लागले आणि संस्थेकडे त्यासाठी कुठलीच तरतूद नव्हती. मग शिक्षक-विद्यार्थी सगळ्यांनी बसून वस्तू करायच्या, विकायच्या आणि येईल तो पैसा विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत टाकायचा, असं ठरलं. आजही पैसा तिथेच जातो. कुणाचं आजारपण, कुणाची रंगांची अडचण, कुणाची फी.

म्हणजे या कला महोत्सवाच्या मुळाशी एक दवाखान्याचं बिल आहे. मला हे फार आवडलं. आपल्याकडे महोत्सव म्हटलं की आधी उद्‌घाटक शोधतात.

नंदलालांच्या नावाला हा मेळा शोभतो, आणि तो केवळ जन्मतारखेमुळे नाही. १८८२ साली बिहारात मुंगेरजवळच्या खडगपुरात जन्मलेला हा माणूस चित्रकार अवनींद्रनाथांचा पट्टशिष्य. मनात आणलं असतं तर कलकत्त्यात बसून मोठमोठी चित्रं काढत, ती मोठमोठ्या लोकांना विकत जगला असता. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून ते बीरभूमच्या लाल मातीत आले, १९१९ला सुरू झालेल्या कलाभवनाची धुरा घेतली आणि १९५१ला निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. सगळ्यांचे ते ‘मास्टरमोशाय’. त्यांनी आयुष्यभर कार्डं काढली. साधी पोस्टकार्डाएवढी, शाईनं, चार रेषांत एखादी शेळी, ताडाचं झाड, पाण्याला निघालेली संथाळ बाई. हजारोंनी काढली आणि वाटून टाकली. विद्यार्थी सुट्टीवर गेला की त्याच्या पत्त्यावर कार्ड. कुणाचं लग्न झालं, कार्ड. मोठं चित्र आणि किरकोळ वस्तू यांत त्यांनी उच्च-नीच मानलं नाही. अल्पना म्हणजे आपली रांगोळीच. ती कलाभवनात शिकवण्याचा विषय झाली, तशीच नाटकाची वेशभूषा, चामड्यावरचं काम आणि बाटिकही. जमिनीवर काढायची आणि दुसऱ्या दिवशी पायांखाली पुसली जाणारी गोष्ट अभ्यासक्रमात आणायला हिंमत लागते.

त्यांचा एक मोठा प्रयोग आपल्या खानदेशात झालेला आहे, आणि आपल्याला त्याची आठवण नसते. डिसेंबर १९३६चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी त्याच्या मांडणीचं काम नंदलालांना सांगितलं. मी चित्रकार, वास्तुकार नव्हे, असं म्हणून त्यांनी आधी अंग काढायचा प्रयत्न केला. गांधीजींपुढे ते चालायचं नव्हतंच. अट एकच होती : आसपास मिळेल त्यातूनच उभं करायचं आणि गावच्या कारागिरांच्या हातून. मग बांबू, चटया, गवत, दोर यांतून टिळकनगर उभं राहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंसाठी बैलांचा रथ सजला. अधिवेशन संपलं, बांबू सुटले, शेत परत शेत झालं. केळीच्या त्या मुलखात आज काहीही उरलेलं नाही, आणि उरावं असं ते मुळात बांधलेलंच नव्हतं.

सव्वा वर्षानं हरिपुराच्या काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी चित्रं केली. हातकागदावर, मातीच्या रंगांत, भराभर फटकाऱ्यांनी. ढोलकीवाला, पिंजारी, कुस्तीगीर, शिंपी, आपल्या कामात बुडालेली माणसं. मूळ चित्रं मास्टरमोशायांची, त्यावरून विद्यार्थ्यांनी आणखी काढली, आणि सगळी मिळून ती ४००च्या आसपास झाली. मांडवांच्या दारांवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेच्या उंचीला टांगली. आज त्यांतली काही संग्रहालयांत काचेमागे आहेत. काढली तेव्हा ती मांडवाची सजावट होती आणि धूळ खायला उघड्यावर लावलेली होती.

हे सगळं डोक्यात असल्यावर घुबडांच्या त्या टेबलाकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

“हे सगळे तूच केलेस?” मी विचारलं.

“पंचावन्न केले. पंधरा गेले सकाळपासून.” मग जरा थांबून, “दहाव्यापर्यंत मजा आली. विसाव्याला कंटाळा. तिसाव्याला मी दादांकडं गेलो, म्हटलं, दुसरं काही काढू का. ते म्हणाले, आधी चाळिसावं काढ, मग बोलू.”

दादा म्हणजे त्याचे शिक्षक. शांतिनिकेतनात मास्तरांना ‘सर’ म्हणायची पद्धत नाही. रामकिंकर बैज ते किंकरदा, के. जी. सुब्रमण्यन ते मानीदा. वयानं पन्नास वर्षांनी लहान पोरंही तसंच म्हणत आली. आपल्या कॉलेजात कुणी प्राचार्यांना नावापुढे दादा लावून हाक मारून बघावी.

“मग चाळिसावं काढलंस?”

“काढलं. म्हणजे हात काढतो ना तेव्हा. डोकं दुसरीकडंच असते. हे बघा.” त्यानं दोन सरे शेजारी ठेवले. एक सुरुवातीचा, एक शेवटाकडचा. पहिल्यात घुबडाचं प्रत्येक पीस मोजून काढलेलं, डोळ्यांत चमक आणण्यासाठी पांढऱ्याचा ठिपका, कडेला वेलबुट्टी. दुसऱ्यात पाठीची एकच रेषा, मानेपासून शेपटीपर्यंत, मधे कुठेही ब्रश न उचलता ओढलेली, आणि ती जिथे जाड होते तिथे आपोआप पंख झालेला. वेलबुट्टी गायब. किंमत दोन्हींची सारखीच. गिऱ्हाईक पहिला उचलतं, त्यानं सांगितलं. “त्यात काम जास्त दिसते ना.”

मी दुसरा घेतला. यात माझं शहाणपण काही नाही, त्यानं दाखवलं म्हणून दिसलं.

बोलताबोलता तो त्याच्या आधीच्या कॉलेजच्या दिवसांवर आला. तिकडे तो युवा महोत्सवात ‘स्पॉट पेंटिंग’ला जायचा. दोनदा विद्यापीठाच्या संघातही गेला. “अडीच तास. हाफ इम्पिरियल कागद. विषय फळ्यावर लिहितात, शिट्टी झाली की सुरू. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की माईकवर सांगतात. तिथंच सगळ्यांची चित्रं बिघडतात.”

हे जग माझ्या ओळखीचं आहे. महाराष्ट्रातल्या सगळ्या विद्यापीठांचे युवा महोत्सव, त्यांच्यावरचं आंतरविद्यापीठीय ‘इंद्रधनुष्य’, आणि त्याच्याही वरचे विभागीय व राष्ट्रीय महोत्सव, या सगळ्यांना भारतीय विश्वविद्यालय संघाची एकच नियमावली लागू पडते, आणि ती बव्हंशी घड्याळावर चालते. मूकअभिनय पाच मिनिटं. प्रहसन दहा मिनिटं, सहा जण. लोकनृत्य आठ ते दहा. एकांकिका तीस. चित्र, कोलाज, मातीकाम, व्यंगचित्र, रांगोळी, सगळ्याला तेच अडीच तास. मी दोन-तीन ठिकाणी परीक्षक म्हणून बसलोय. एका वर्षी एका संघानं गोंधळ आणला होता. संबळ वाजवणारा मुलगा खरोखरीच्या गोंधळी घरातला, हे पहिल्या ठेक्यातच कळलं, कारण बाकीचे प्रेक्षकांकडे बघत होते आणि तो दिवटीकडे. रात्रभर चालणारी गोष्ट त्यांनी साडेनऊ मिनिटांत बसवली होती. आवाहन, नमन, कथा, आरती, सगळं त्यात आलं. नवव्या मिनिटाला इशाऱ्याचा दिवा लागला आणि त्या मुलाची नजर पहिल्यांदा दिवटीवरून हलली. ठेका चुकला नाही. पण त्यानंतरची तीस सेकंदं तो संबळ वाजवत नव्हता, वेळ वाजवत होता. आम्ही त्यांना दुसरा क्रमांक दिला. वेळेत संपवल्याचे गुण पूर्ण.

युवा महोत्सवाची टिंगल करणं सोपं आहे, आणि ती मला करायची नाही. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला पाचशे माणसांसमोर उभं राहायला दुसरं ठिकाण कुठे आहे? मराठी रंगभूमीवर, सिनेमात आज नावारूपाला आलेली कितीतरी माणसं तिथल्या प्रहसनांतून आणि एकांकिकांतून वर आली. बसमधून आठ तास प्रवास करून, वर्गात सतरंजीवर झोपून, सकाळी सहाला तोंडाला रंग फासणाऱ्या त्या पोरांचा उत्साह मी पाहिलाय. पण तिथे कलेला काय शिकवलं जातं, तर परीक्षकाकडे बघायला.

मेळ्यात गिऱ्हाइकाकडे बघतात. त्यानं माणूस साधुसंत होतो असं नाही. घुबड खपतं म्हणून पंचावन्न घुबडं. बाजार तो बाजारच. फरक एवढाच, की एकच वस्तू पंचावन्न वेळा करण्याची पाळी स्पर्धेत कुणावर येत नाही. कुंभारावर येते, पटचित्रकारावर येते, दिवाळीत पणत्या रंगवणाऱ्या बाईवर येते. ज्यांना आपण कारागीर म्हणून कलाकारांपासून बाजूला काढतो, त्यांच्या रोजच्या दिवसाची चव कलाभवनातल्या पोराला वर्षातून दोन-तीन आठवडे मिळते. नोव्हेंबरच्या शेवटी तिथले वर्ग नावापुरतेच उरतात, सगळे मेळ्याच्या कामाला.

ही कल्पना शांतिनिकेतनच्या आधी बडोद्यात रुजली होती. सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून फाइन आर्ट्स फेअर भरायला लागली, आणि तिच्यातही जीव ओतणारा माणूस नंदलालांच्याच कलाभवनातून गेलेला : सुब्रमण्यन. या एवढ्या मोठ्या चित्रकारानं फेअरसाठी लाकूड-चामडं-मण्यांची खेळणी केली, मुलांसाठी चित्रपुस्तकं केली. पुढे १९८०ला ते शांतिनिकेतनला परतले. बडोद्याला नंदलालांचा हात त्याच्याही आधी लागला होता, गायकवाडांच्या कीर्तिमंदिरातली भित्तिचित्रं त्यांचीच. मराठी संस्थानिकाचं स्मारक, बंगाली चित्रकार. आणि उलट दिशेनं, कोल्हापूरचे विनायक मासोजी कलाभवनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी, नंतर तिथेच शिक्षक. अकोल्याचा हा पोरगा त्या वाटेवरचा पहिला नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला मासोजी ठाऊक नव्हते. “कोल्हापूर लय लांब ना आमच्याहून,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आवारात नुसता हिंडलो. मेळ्याचे मांडव ज्या झाडांखाली होते त्यांच्या आसपास रामकिंकरांची शिल्पं उभी आहेत, कठड्याबिठड्याचा फार बाऊ नाही. ‘संथाळ कुटुंब’ १९३८चं. सिमेंट आणि तिथल्याच लाल खडीचं. ब्राँझला पैसे नव्हते म्हणून तसं केलं, असं एक कारण सांगतात. कारण काहीही असो, आता ते दुसऱ्या कशात करता आलं असतं असं वाटत नाही. कावडीत मूल, बाजूला कुत्रा, घर बदलायला निघालेली माणसं. त्यांच्या पायाशी दोन मुली जमिनीवर बसून कानातल्यांना आकडे लावत होत्या, दुकानातला माल संपला म्हणून. पलीकडे काळं घर, मातीच्या भिंतींना डांबर फासलेलं, भिंतीवर उठावाची चित्रं. आणि डिझाइन विभागाच्या इमारतीवर सुब्रमण्यन यांचं काळं-पांढरं भित्तिचित्र, जे त्यांनी वयाच्या ८५व्या वर्षी, २००९ साली नव्यानं केलं. पंचाऐंशीव्या वर्षी परांचीवर चढून. पंचावन्न घुबडांची तक्रार करणाऱ्यांनी ती भिंत एकदा बघून यावी.

या दोन दिवसांचं सगळंच गोड नव्हतं. कलकत्त्याहून गाड्या भरभरून माणसं येतात. संध्याकाळी सातला तिथे पाय ठेवायला जागा नव्हती आणि निम्मी माणसं शिल्पांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. एक गृहस्थ हातात यादी घेऊन फिरताना दिसले. कुठल्या शिक्षकाचं काम कुठल्या टेबलावर आहे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी चार छाप घेतले, किमतीकडे न बघता, आणि पाचवा मागितला तेव्हा टेबलावरच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की एका माणसाला दोनच, ती विसरलीच होती. दोन परत घेतले. असा नियम खरंच होता की तिनं तेव्हाच केला, हे मी विचारलं नाही. ज्या वस्तू स्वस्त असाव्यात म्हणून केल्या, त्यांच्या स्वस्तपणाचाच धंदा होऊ शकतो. जवळच भरणाऱ्या सोनाझुरीच्या हाटात शांतिनिकेतनी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे ढीग पाहिले की मेळ्याची नक्कल किती वेगानं होते तेही कळतं. बंगाली गिऱ्हाईक घासाघीसही करतं. एका बाईंनी सत्तर रुपयांच्या कपावरून दहा मिनिटं वाद घातला, शेवटी कप ऐंशीला घेतला आणि वर मुलाला दोन नारळाचे लाडू दिले. तो सगळा वाद कशासाठी होता, ते मला अजून कळलेलं नाही.

रात्री साडेनऊच्या सुमारास दिवे एकेक करून विझायला लागले. सिरॅमिकच्या दुकानात टोपली उरली होती, टवके उडालेल्या कपांची, दहा रुपयांना एक. शिल्पवाले बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातल्या नोटा सरळ करून दहा-दहाच्या गड्ड्या लावत होते. मी निरोप घ्यायला घुबडांच्या टेबलाशी गेलो. टेबल पुसून लख्ख. एक सरा मात्र कोपऱ्यात कागदात अर्धवट गुंडाळून ठेवलेला.

“उरलं का एक?” मी म्हटलं आणि उचलायला हात घातला.

“ते नका घेऊ. ते गेलं.”

कागद बाजूला करून बघितलं. घुबड नव्हतं. तिफण होती. दोन बैल, मागे चाड्यावर मूठ धरलेली बाई, डोक्यावर पदर, आणि बैलांच्या पाठीची रेषा तशीच, ब्रश न उचलता ओढलेली. मागे पेन्सिलीनं १५०.

“कुणी घेतलं?”

“मीच. पेटीत टाकले दीडशे. आपलं म्हणून तसंच उचलता येत नाही ना, निधीचे असतात.” त्यानं कागद पुन्हा नीट गुंडाळला, वरून सुतळी बांधली. “आईला न्यायचं आहे. ती विचारते, कशासाठी एवढ्या दूर गेला तू? घुबड नेलं असतं तर घरात घेतलं नसतं तिनं.”